तिसरी ललकारी

मंडळी, एक विचारू? मान म्हणजे काय हो? आपण धरून ठेवतो ते, की दुसऱ्याच्या हाती देता येतं ते? — अहो मागचे, चपला नंतर शोधा! आख्यान आत्ता कुठं उभं राहतंय!

ऐका. भैरोबाचं गाव. जत्रेचा दिवस, डोक्यावर ऊन, आणि पालखीपुढे पितळेची तुतारी घेऊन लखोबा गुरव! तुतारी म्हणजे नुसता गाजावाजा वाटला होय? तिला बोली आहे! पहिली ललकारी खालच्या सुरात, लांब — धूंऽऽऽ! म्हणजे वाट मोकळी करा. दुसरी जरा वर — भोयांनी पालखी खांद्यावर घ्यायची. आणि तिसरी थेट कळसाला भिडणारी — तूंऽऽऽ! तेव्हा पाऊल उचलायचं. ती वाजेपर्यंत चालायचं नाही, खांदा बदलायचा नाही, पालखी खाली टेकवायची तर नाहीच नाही!

आता गंमत बघा — गंमत कसली, घोर! लखोबाचे पुढचे दोन दात महिन्यापूर्वी पडलेले. वरचा सूर ओठ आवळून काढायचा, त्याला मागून दातांचा आधार लागतो. बायको म्हणाली, "अवो, औंदा सिद्रामभावजींना द्या की!" सिद्राम त्याचा चुलतभाऊ. याच मानावरून बारा वर्षं बोलणं बंद! लखोबा उसळला, "त्येच्या हातात? मी मेल्यावर!"

पहिली झाली. दुसरी झाली. पालखी खांद्यावर! आणि तिसरी —

फुस्स!

हसता काय? पालखीच्या दांडीखालचा भोई बाळेश हसत नव्हता! साठीचा गडी. मान वाकडी, पाय लटलट. पुन्हा — फुस्स! "लखोबा, वाजीव रं बाबा!" बाळेश कण्हला. "गुडघं चाललं माझं!"

लखोबानं परत गाल फुगवले. ओठातून रक्त आलं, सूर काही येईना! पालखी कलली. बायका किंचाळल्या. मंडळी, त्या क्षणी लखोबाला फक्त बाळेशचे गुडघे दिसले. जीव गलबलला हो त्याचा!

धावला — गर्दीत घुसून सिद्रामपुढे उभा! "घे! माझं दात गेल्यात. लपवलं मी. घे, वाजीव!"

बारा वर्षांचं सगळं सिद्रामच्या जिभेवर आलं असेल की नाही? पण त्यानं हात पुढे केला! रक्त लागलेली तुतारी त्यानं पुसलीसुद्धा नाही. तूंऽऽऽ! चांगभलं! पाऊल पडलं! आणि लखोबा? बाळेशला बाजूला घेऊन स्वतः दांडीखाली शिरला. रडत होता, आणि चालत होता.

आता तुमच्याकडे वळतो. पहिल्या रांगेतले तात्या, खाली बघू नका! कुणाच्या कमरेला देवळाची किल्ली, कुणाची दुकानातली गादी, कुणाचा घरातला शेवटचा शब्द — आपल्याच्यानं आता होत नाही, हे आपल्याला ठाऊक. घरच्यांनाही ठाऊक. बोलणार कोण?

तुम्ही सोडत नाही म्हणून कोण ताटकळलंय, खांद्यावर ओझं घेऊन? आठवलं ना नाव? मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? जा, त्याच्याकडे जा!