मांडीवर नको

लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात पैसे भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची दिवस भरत आलेली मुलगी उभी होती. वडिलांनी बाळाची कार सीट दोन्ही हातांनी कवटाळली होती.

“बाबा, ठेवा ना ती परत. दवाखान्यातून घर दहा मिनिटांवर. आई घेईल बाळाला मांडीवर.”

“मांडीवर नको.”

“मला नाही आणलंत मांडीवर?”

“आणलं. तेव्हा मी अँब्युलन्सवर लागलो नव्हतो.”

“त्याचा इथं काय संबंध?”

“सव्वीस वर्षं चालवली, पोरी. आयांनी घट्टच धरलेलं असतं गं. पण गाडी आदळली की हातात काही राहत नाही.”

“हे कधी बोलला नाहीत घरी.”

“घरी तू होतीस. काय बोलणार? दारातूनच तुला उचलून घ्यायचो.”

“हो, आंघोळ न करताच! आई किती ओरडायची तुम्हाला.”

“ओरडायची खरी.”

“…बाबा, ही मागे तोंड करून बसवायची ना?”

“मागेच. आणि पट्ट्याखाली एक बोट जाईल, एवढाच तो सैल ठेवायचा.”

“मग त्या दिवशी गाडी तुम्हीच चालवा. तुमच्या जावयाचे हात कापतील.”

“माझेही कापतील गं.”

“कापू देत. या वेळी घाई नाहीये, बाबा.”