वेलीपायी गेलेला शब्द

लेक : आणि वर मलाच विचारताय, कुठला शब्द? आईच्या थडग्यावरच्या दगडात लॅटिनमधल्या दोन ओळी कोरायच्या होत्या, दोनच! त्यातल्या दुसरीतला शब्द खाल्लात तुम्ही.

पाथरवट : ताई, जरा दमानं घ्या. कोपऱ्यात वेल कोरली ना, तिला जागा पुरेना. एवढासा तर शब्द होता.

लेक : वेल मागितली होती कुणी?

पाथरवट : सगळ्यांना आवडते. नुसती अक्षरं उघडीबोडकी दिसतात.

लेक : कमाल आहे! उद्या शिंपी म्हणेल, खिशाला कापड पुरेना म्हणून बाही कापली!

पाथरवट : आता रागावू नका, पण लॅटिन वाचणार कोण?

लेक : माझे बाबा. जन्मभर लॅटिन कविता शिकवली त्यांनी. डोळे गेलेत, पण बोटांनी वाचतील. ह्या ओळी त्यांनी स्वतः रचल्यात आईसाठी. बाहेर गाडीत बसलेत. काय सांगू त्यांना?

पाथरवट : सांगूच नका की.

लेक : म्हणजे दिसत नाही म्हणून फसवू? माझ्या बापाला?

वडील : (काठी टेकत दारात येऊन) कुणाला फसवायचं चाललंय?

लेक : बाबा! तुम्ही कशाला उतरलात?

वडील : तुझा आवाज रस्त्यापर्यंत येतोय. दगड कुठाय? माझा हात ठेव त्यावर.

पाथरवट : सांभाळून मास्तर, कडा घासायच्या राहिल्यात.

वडील : हं. पहिली ओळ ठीक. दुसरी... अरे, ही मध्येच कोसळली! आणि हा कसला गोंडा?

पाथरवट : वेल आहे, मास्तर.

वडील : वेल! अहो, पहिली ओळ हेक्सामेटर, म्हणजे सहा पावलांची. दुसरी पेंटामेटर, पाचांची. दोघं बरोबर निघतात आणि एक जण पाऊलभर आधी थांबतो. म्हणून तर गेलेल्या माणसासाठी हे वृत्त घेतलं मी. तुम्ही तिचा पायच मोडलात!

पाथरवट : पण अर्थ तर तोच राहिला ना?

वडील : कसला तोच? ‘तुझी अजून वाट पाहतो’ असा अर्थ होता. तुम्ही ‘अजून’ उडवलंत. आता मी काय, बसथांब्यावर उभा आहे?

पाथरवट : मग शेवटी बारीक अक्षरात घालतो.

वडील : शेवटी नाही. जिथं होता तिथंच. नाहीतर ताल जातो.

लेक : आणि वेल काढा.

पाथरवट : ती काढायची तर अख्खा दगड घासून सपाट करावा लागेल. माझीही मेहनत आहे, ताई. मन लावून केलीय.

वडील : कळलं ते. पान न् पान हाताला लागलं. पण माझ्या बायकोशी मी बोलायचं, की तुमच्या वेलीनं?

पाथरवट : ...घासतो. पण मला ही भाषा येत नाही, मास्तर. पुन्हा चुकलं तर ताई मला इथंच गाडतील.

लेक : गाडेनच.

वडील : मी बसतो शेजारी. एकेक अक्षर सांगतो, कोरलं की हात लावून बघतो.

लेक : बाबा, किती धूळ उडते इथं! तुमचा खोकला...

वडील : घरी जाऊन तरी कुणाशी बोलू? एखादी खुर्ची असेल तर द्या हो.