पिस्तुलाला कुंकू

परदेशातल्या आमच्या शहरात, लुआस ट्राममध्ये माझ्यापुढं एक जोडपं बसलं होतं. इथं आपली भाषा कुणाला कळतीय म्हणून मोठ्यानं भांडत होतं.

“रेवती, काल नेमबाजीच्या रेंजवर सगळ्यांसमोर तुझं पिस्तूल सारखं अडकलं. विकून टाक.”

“अडकलं. स्प्रिंग बदलली, दुसऱ्या गोळ्या घातल्या, तरी अडकलं. घरी उघडून बघितलं, तर आत काय निघालं सांगू?”

“काय?”

“तेलात कालवलेलं हळदकुंकू. वर अक्षता!”

“अगं, आई म्हणाली, खंडेनवमीला शस्त्राची पूजा कर. तू साफ करून टेबलावर ठेवलं होतंस...”

“मी पाठ फिरवली आणि तू पूजा उरकलीस! सगळं धुतलं, आज परत मारून बघितलं. एकही गोळी अडकली नाही, सगळ्या निशाण्याच्या मधल्या काळ्या वर्तुळात.”

“म्हणजे रविवारी स्पर्धेला जाणारच?”

“जाणार. आणि तू टाळ्या वाजवायला येणार.”

“आईला काय सांगू?”

“सांग, पुढच्या नवमीला कुंकू चालवणारीला लावा. पिस्तुलाला तेल पुरतं.”

माझा स्टॉप आला. मी पिशवीतली कुंकवाची डबी काढली आणि तिच्या कपाळाला कुंकवाचं बोट टेकवलं.

“नवमीपर्यंत कशाला थांबायचं, पोरी? रविवारी लावून जा.”