पहिल्या पत्र्यावरची अक्षरं

लुइझियानात आमच्या गोदीसमोर कोळंबी-पावाच्या रांगेत माझ्यापुढे वेल्डर अल्सिड आणि त्याच्या बहिणीचा नवरा व्हर्लिन उभे होते.

“दाजी, उद्या नौदलाच्या नव्या लँडिंग क्राफ्टच्या, म्हणजे सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटीच्या, बांधणीचा मुहूर्त. रिवाजाप्रमाणे पाहुणीची, म्हणजे सिनेटरच्या बायकोची, आद्याक्षरं पहिल्या पत्र्यावर मीच वेल्ड करणार!”

“अरे, मुहूर्त तर तू मागच्या वर्षीही केलास!”

“तेव्हाचे सिनेटर निवडणुकीत पडले. मग आराखडाही बदलला.”

“आणि वॉशिंग्टनने पैसे मंजूर केले का?”

“आज ना उद्या करतील, म्हणतात.”

“मला तर यात काहीतरी काळंबेरं दिसतंय. पत्रा तरी नवा आणलाय का?”

“तोच आहे. आधीच्या बाईंची अक्षरं आज घासून काढली.”

“त्यावर साहेब काय म्हणाला?”

“म्हणाला, बेताने घास. पुढच्या वर्षीही हाच पत्रा लागेल.”