नको असलेला आवाज

— नाय नाय, थांब, बाय, ते विकत घ्यायचं बटण दाबू नको अजून, ह्या घाईनंच माणूस फसतो. बस त्या स्टुलावर. शहापूरवरनं जीप बदलत आलीस ना, मंग बस की. तुझा सवाल काय — लग्नाचे व्हिडिओ जोडायला साधं सॉफ्टवेअर घेऊ का मोठं, प्रोफेशनलवालं. आणि मलाच का विचारतेस? भावाच्या लग्नाचं शूटिंग मी केलं म्हणून? बरं. मंग ऐक, रंजिता. साध्यात काय हाय — कापायचं, जोडायचं, खाली एक गाणं टाकायचं, वरून बदाम आणि फुलं उडवायची, झालं काम. तू फोनवर करतेसच ते, बघितलीत मी तुझी फुलं, हसू आलं मला. आणि मोठ्यात? मोठ्यात सगळं हाय गो. सगळं म्हणजे सगळं. सावळी नवरी गोरी होते. मांडवामागची पडकी भिंत जाते, म्हशी जातात, दारू पिऊन नाचणारा मामा अख्खाच्या अख्खा गायब होतो, परत त्या जागी पताका. मी सात वर्षं झाली वापरतोय. अख्ख्या मुरबाडात पयलं मी घेतलं, लोक बघायला यायची दुकानात. फुकट नाय झालं जयराम स्टुडिओचं नाव.

चांगलं का वाईट, ते विचारतेस? चांगलंच हाय, वाईट कशाला असंल? सॉफ्टवेअर काय करणार, ते तर सांगितलेलं ऐकतं. आवाजाचंच घे. मांडवात किती कालवा असतो — जनरेटर, पोरं, भांडी. तर मोठ्यात सोय हाय, नको असलेल्या आवाजाचा एक तुकडा त्याला दाखवायचा, हा बघ, असला आवाज मला नको. मंग ते शिकतं. आणि तसला आवाज सगळीकडनं पुसून काढतं, मुळासकट. आता आपल्याकडं हळदीला धवलारीण लागते, तुला काय सांगायचं, तिनं धवले म्हटल्याशिवाय नवरीला हळद लागत नाय. ह्या अंगाला एक जना म्हणून होती. नवरा-नवरीच्या आज्या-पणज्याची नावं गाण्यात गुंफायची, कुठं कागद नाय, कुठं वही नाय, सगळं डोक्यात. पण आवाज फुटका. आणि माझ्या दर रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज. गिऱ्हाईकं बोलायची, जयरामदादा, ते म्हातारीचं रडगाणं काढा आणि पिक्चरचं काय तरी टाका, कल्याणचे पाव्हणे हसतात. मंग काय करू? मी तिचाच तुकडा दाखवला सॉफ्टवेअरला. असला आवाज नको. सेटिंग सेव्ह केली, तिला नाव दिलं ‘आय’ — दर लग्नाला तेवढं एक दाबायचं, की म्हातारी साफ. राहिलंच काय खरखरत, तर वरनं गाणं टाकलं, संपला विषय.

काय? ‘आय’ कशाला?

…आय होती माझी. जना धवलारीण माझी आय. तुला ठाऊक नव्हतं? कसं ठाऊक असणार, मीच कुणाला सांगत नव्हतो. ती मांडवात खाली बसलेली, मी कॅमेरा घेऊन उभा, एकाच जीपनं आलेलो दोघं, पण शब्दानं बोलायचो नाय. लाज वाटायची गो, खरं सांगतो, लाज वाटायची. स्टुडिओवाला मी, ड्रोन उडवणारा, आणि माझी आय नऊवारी खोचून लोकांच्या दारात गाते. तिला दाखवायचो घरी, हा बघ व्हिडिओ. ती बघायची, ओठ हलताना दिसायचे तिचे, आणि वर गाणं भलतंच. एकदा बोलली, जयराम, मी काय गात होती रे तवा? मी बोललो, आये, सिस्टीमला नाय घेता येत तुझा आवाज. असं बोललो. तिला खरंच वाटलं. पुढच्या लग्नात बिचारी जोर लावून गायली.

गेली आता. श्रावणात गेली. आणि ह्या रविवारी माझ्या प्रियांकाची हळद हाय. पोरगी बोलते, बाबा, डीजे नको, बेंजो नको, आजीचे धवले लावा, तुमच्याकडं तर चारशे लग्नं हायत. चारशे! दहा दिवस झाले शोधतोय, बाय. मूळ शूटिंग एकाचंबी नाय — मोठं सॉफ्टवेअर जागा खातं ना, डिस्क भरली की मी जुनं उडवायचो. उरले ते तयार व्हिडिओ, चकाचक. तोंड हलतंय, आवाज नाय. पोरीला काय सांगू, सिस्टीमला घेता आला नाय म्हणून? ती तर माझ्याइतकंच शिकलेय हे सगळं. बायकोला ठाऊक हाय, ती चार दिवस माझ्याशी बोललेली नाय. नको बोलू दे.

काय शोधतेस फोनात? …हाय? तुझ्याकडं हाय? भावाच्या हळदीचं? फेकू नको हां, बाय, माझी अवस्था बघ. दे इकडं. नको, तूच लाव.

गप. गप बस जरा.

आय हाय गो. आयच हाय ती. ती तुझी फुलं उडतायत वरनं, उडू दे, पण आयच हाय — ऐक, तुझ्या आज्याचं नाव येतंय आता, ऐक —

कोण वरडलं ते?

मागं घे. परत लाव.

‘ए म्हातारे, पुरे आता, डीजेवाला खोळंबलाय.’ …मीच तो. ओळखलास तू पण. म्हातारे बोललो. चार माणसांत आये बोललो नाय.

कापता येईल? माझा आवाज? येईल की. एक कट मारला की झालं, पोरगं पण मारील. पण माझ्यानंतर पुढं गाणं कुठंय, सांग मला? बघ, तुझ्या आज्याचं नाव अर्धं तोंडात होतं तिच्या, तेबी पुरं केलं नाय. वळून बघितलं नाय, रागावली नाय. मी ‘पुरे’ बोललो आणि ती गप झाली.

पाठव मला तेवढं. आणि ऊठ आता. ऊठ, बाय, शटर ओढायचंय मला.