संज्याला विकला त्याची गोष्ट

गोळ्या घालायच्या गेमचं कौतुक मला सांगू नका. बोटं दुखत्यात आणि डोकं रिकामंच ऱ्हातंय. खरा गेम म्हणजे फुटबॉलचा संघ चालवायचा. कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं, कुणाला विकायचं, सगळं आपल्या हातात. फक्त त्यात ओळखीच्यांची नावं घालू नका.

मी घातली. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचेच असत्यात. आमच्या तालमीचा अख्खा संघ कॉम्प्युटरवर उभा केला, शेजारच्या पेठेतल्या तालमीचाही केला. संज्या आमचा राखीव फॉरवर्ड. गेममध्येही नुसता बाकावर बसून होता, म्हणून त्याला त्या तालमीला विकून टाकला. आणि हे चहाच्या गाड्यावर हौसेनं सांगितलं.

संध्याकाळी संज्या दारात. मागं तालमीतली पोरं.

"मला विकलास? आणि त्यास्नी?"

"लगा, गेम हाय की नुसता!"

"माझा आज्जा त्या तालमीच्या दारातनं कधी गेला न्हाय!"

पोरांनी दम भरला, "आत्ताच्या आत्ता त्याला परत आण."

मी कॉम्प्युटर लावला आणि संज्याला परत मागितला, तर ती तालीम काय त्याला सोडंना.

"का सोडंनात?" म्हणत संज्यानं स्क्रीनमध्ये तोंड घातलं. तिथं तो कॅप्टन होता, आणि आदल्याच मॅचला त्यानं आमच्यावर दोन गोल मारलेले.

पोरं भडकली. "सगळं पुसून टाक! पहिल्यापासनं लाव!"

मी पुसायला गेलो, तर संज्यानंच माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे लगा. तितं मला खेळवत्यात तरी."