पुढचा बाक

(बालवर्गाच्या शाळेचा व्हरांडा. संध्याकाळ. आत कायद्याचा तास चालू आहे, दार उघडं.)

साहेब : नाही नाही, तुम्ही मला मानानं पुढच्या बाकावर बसवलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्या बाकावर मी एकटा, मॅडम! मागं सगळे दाटीवाटीनं, पुढं नुसता मी. कॉलेजची पाहणी करायला आलोय की माझीच तोंडी परीक्षा आहे, कळेना.

बाई : बाक लहान पडला असेल. दिवसा इथं बालवर्ग भरतो ना.

साहेब : गुडघे हनुवटीला लागले. आणि फळ्यावर वरती बे एके बे, खाली करार कायदा!

बाई : वरचं पुसायचं नाही, अशी शाळेची अट आहे. आमचे विद्यार्थी म्हणतात, बाई, कराराचं माहीत नाही, बे एके बे मात्र पक्कं झालं.

साहेब : हसण्यावारी नेऊ नका. तास सुरू होऊन इतका वेळ झाला, पटावर नावं आहेत आणि माणसं नाहीत. आमचा नियम सरळ आहे. तास सुरू झाल्यावर आलेला गैरहजर. तसं धरलं तर तुमची हजेरी निम्म्यावर येते. मग मान्यता कशाच्या जोरावर द्यायची?

बाई : मान्यता गेली तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना परीक्षेला बसता येणार नाही, साहेब. सगळं पाण्यात जाईल त्यांचं.

साहेब : मुलं कसली! खिडकीजवळच्या गृहस्थांना मी प्राध्यापक समजून नमस्कार केला.

बाई : ते पहिल्या वर्षाला आहेत. नातू झाल्यावर प्रवेश घेतला.

साहेब : बरं, मग बाकीचे कुठं आहेत?

बाई : येतील. कुणी कारखान्यातली पाळी संपवून, कुणी दुकानाचं शटर ओढून. पुढचा बाक त्यांचाच आहे.

साहेब : उशिरा येणाऱ्यांना पुढचा बाक? आमच्या वेळी उशीर झाला की बाहेर उभं करायचे.

बाई : तुमचं कॉलेज दिवसाचं. आमचं सुरू झालं एका शिंप्याच्या दुकानात. दुकान बंद झालं की कापड बेतायच्या टेबलावर पुस्तक उघडायचं आणि आमचे थोरले वकीलसाहेब शिकवायचे. त्यांनीच काढलं हे कॉलेज. छापखान्यातला एक जण रोज सगळ्यांच्या शेवटी यायचा. हात शाईनं बरबटलेले, म्हणून कुणाला धक्का नको असं करत दाराशीच बसायचा. तिथं ऐकू काही येत नसे. डुलक्या काढायचा बिचारा. एक दिवस थोरल्या साहेबांनी पुढच्यांना उठवलं आणि त्याला तिथं आणून बसवलं. म्हणाले, तुम्ही ताजे आहात, तुम्हाला मागूनही ऐकू येईल. हा दमून आलाय, ह्याला जवळून सांगायला हवं. तेव्हापासून हे असंच.

साहेब : आणि तो छापखान्यातला पुढं मोठा न्यायाधीश झाला असेल. अशा गोष्टींत होतातच.

बाई : छे हो, दोनदा नापास झाले. मग पास झाले आणि इथंच शिकवायला लागले. मला त्यांनीच शिकवलं. मी तेव्हा टेलिफोन खात्यात होते. शिक्षण संपेपर्यंत पुढच्या बाकावर. हुशार म्हणून नव्हे हं.

साहेब : बाहेर तुम्हाला काय म्हणतात, ठाऊक असेल.

बाई : फावल्या वेळातले वकील. कोर्टात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा समोरच्या वकिलांनी तोंडावर म्हटलं. फार लागलं मला. आता तेच स्वतःच्या कारकुनाला आमच्याकडे पाठवतात. फावला वेळ म्हणे! इथं आहे कुणाकडं?

साहेब : तळमळ पोचली, मॅडम. पण अहवालात तळमळीचा रकाना नाही. हा पुढच्या बाकाचा रिवाज तुमच्या नियमावलीत आहे का?

बाई : लिहिलेला नाही. चालत आलाय.

साहेब : कमाल आहे! जगाला कायदा शिकवता आणि स्वतःचा नियम तोंडी ठेवता?

बाई : हे मात्र खरं. इथं आम्ही चुकलो.

नर्स : बाई, येऊ ना? बदलीची सिस्टर वेळेवर आलीच नाही. पेशंट कुणाच्या भरवशावर सोडणार? धावत आले. अय्या, पुढं कुणाची बॅग? नवीन ॲडमिशन का?

साहेब : माझी आहे ती.

नर्स : अरे वा, बरं केलंत काका. कामावरून थेट आलात वाटतं? तोंड पार सुकलंय तुमचं.

साहेब : थेटच. सकाळपासून दुसऱ्या एका कॉलेजात अडकलो होतो, जेवणही नीट... मॅडम, एक सांगा. मी आलो तेव्हा तास सुरू झाला होता?

बाई : केव्हाच.

साहेब : म्हणजे मला पुढं बसवलंत ते मान म्हणून नाही!

बाई : मान म्हणूनच. आमच्याकडं तो मान दमून आलेल्याचा असतो.

साहेब : आणि माझ्याच नियमानं मी आज गैरहजर. झालं! गैरहजर माणसाचा अहवाल कोण वाचणार?

बाई : मी तसं म्हटलं नाही हं.

साहेब : म्हणायचं बाकी काय ठेवलंत? असं करा. हा रिवाज नियम म्हणून लिहून द्या. पुढचा बाक उशिरा येणाऱ्यांचा आणि हजेरी तास संपताना. परीक्षेपर्यंतची मान्यता माझ्या हातात आहे, तेवढी देऊन टाकतो. पुढच्यासाठी वर भांडावं लागेल.

बाई : तुम्ही भांडाल?

साहेब : भांडेन. वरचे ऐकतील असा शब्द देत नाही. पण संध्याकाळच्या कॉलेजला दिवसाचं माप लावू नका, हे बजावून सांगेन.

बाई : तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू, साहेब?

साहेब : बोलू नका. लिहून द्या.

नर्स : काका, चला की आत. सर पुढं निघून जातील.

साहेब : मी? बरं, चला. पण ह्या बाकाचं काही जमत नाही हो, गुडघे...

नर्स : तिरके बसा, होते सवय. पुस्तक नाही ना आणलंत? असू दे, माझ्यात बघा.